हाताची घडी

सुमन,

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलने बेल वाजवली. आपल्या मजल्याचा पॅसेज पुसते ती मंगल. हातात फडका, शेजारी बादली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, आता पुसू ना?"

तिने काय विचारलं ते मला लगेच कळलं. आपल्या उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत मी खडूने ज्या आडव्या रेषा मारायचो, त्या बिचारीने आजवर सांभाळल्या होत्या. दोन्ही कडांनी फडका फिरवायची आणि मधली पट्टी तशीच सोडायची. तू हॉस्पिटलात गेलीस तेव्हाही सोडली, तू गेल्यावरही सोडली. मी "पूस" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या रेषांवरून चालणारं माणूसच आता घरात नाही. ती पुसत होती तोवर मी दारात उभा राहिलो आणि मग आत येऊन पंख्याखाली बसलो.

या दिवसांत तुझ्याबद्दल लोक बरंच काही बोलून गेले. आदर्श शिक्षिका, शिस्तीच्या, विज्ञानाला वाहून घेतलेल्या. तुझे जुने विद्यार्थी आले, पोट सुटलेले, केस गेलेले, आणि सगळ्यांना तू वर्गात नेलेला कॅरमबोर्ड आठवत होता. आधी पावडर टाकून सोंगटी मारायची, मग बोर्ड पुसून मारायची, आणि मग विचारायचं, सोंगटीला थांबवलं कुणी? मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, या बाईशी मी आयुष्यभर भांडलो आणि त्यातलं एक भांडण अर्धवट टाकून ही निघून गेली. मला श्रद्धांजली वाहायची नाही. ते भांडण संपवायचं आहे. शेवटची काही वर्षं, जेव्हा तुला खरोखर आधार लागत होता, तेव्हा तू माझा हात का घेत नव्हतीस, एवढंच मला विचारायचं आहे. उत्तर मिळणार नाही हे ठाऊक आहे. तू असतानाही सरळ उत्तर कधी मिळालं होतं?

आपलं पहिलं भांडणसुद्धा तुझ्या त्या फिजिक्सवरूनच झालं होतं. लग्नाला महिनाही झाला नसेल. मी मरोळहून दमून आलो, कारखान्याच्या खरेदी खात्यात दिवसभर व्यापाऱ्यांशी घासाघीस करून डोकं उठलेलं, आणि तू जेवायच्या टेबलावर नववीच्या वह्या तपासत होतीस. मी म्हटलं, हे टेबल बरं, नुसतं उभं असतं, कुणाला काही करत नाही. झालं. तू पेन खाली ठेवलंस. "नुसतं उभं नाही काही. वह्यांचं वजन खाली येतंय तेवढंच ते वर ढकलतंय. नाहीतर वह्या खाली गेल्या असत्या." मी हसलो. टेबल ढकलतं! तू उठलीस, वह्यांचा गठ्ठा नेऊन गादीवर ठेवलास. गादी दबली. "ही दबली, आणि दबली म्हणून ती उलट वर रेटतेय, हे पटतंय? टेबलही दबतं. तुमच्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच." मी म्हटलं, गादीचं मान्य, टेबलाचं नाही. त्यानंतर टेबल बदललं, घर बदललं, भांडुपचं सोडून मुलुंडला आलो, मुग्धा झाली, तिचं लग्न झालं, पण मी टेबलाचं मान्य केलं नाही. खरं सांगू, पुढे पुढे पटलं होतं. पण तू चिडलीस की मजा यायची.

आणि हात तर तू तेव्हाही घेत नव्हतीस. एल.बी.एस. रोड ओलांडायचा म्हणजे मी डावी-उजवीकडे बघून, अंदाज घेऊन, तुझ्याकडे हात पुढे करायचो, तोवर तू पलीकडच्या फुटपाथवर. तिथून ओरडायचीस, "अहो, येताय ना?" मुग्धाच्या वेळी कळा सुरू झाल्या तर मी रिक्षा शोधत फिरतोय आणि तू बॅग घेऊन खाली उतरलेली, दुसऱ्या बाजूने रिक्षा थांबवून मलाच हाका मारतेयस. मित्र चिडवायचे, वहिनींनी तुला बरोबर नेलं हे नशीब. मला त्याचा राग नव्हता. पण एखाद्या नवऱ्याला वाटतंच ना, की बायकोने कधीतरी म्हणावं, धरा हो जरा.

मग तो कंपवात आला. आधी खडू धरलेला हात, मग सही, मग पाय. हाताच्या थरथरीचं तू काही वाटून घेतलं नाहीस. पण पाय अडकायला लागले तेव्हा पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली. चालता चालता दारात, वळणावर, लिफ्टच्या तोंडाशी पाय जागच्या जागी थिजायचे. फरशीने धरून ठेवल्यासारखे. जायचं तर आहे, डोकं सांगतंय, पाऊल उचलत नाही. घरी आल्यावर तू पलंगावर बसून म्हणालीस, "स्थिर वस्तू स्थिरच राहते. जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतला, आता मीच पहिला नियम झालेय." आणि हसलीस. मला हसू आलं नाही.

मी काय केलं? कुणीही करेल तेच. हात धरला आणि ओढला. तू पुढे कलंडलीस, पाय तिथेच, आणि भिंत होती म्हणून वाचलीस. त्यावर माझं ऐकून घेण्याऐवजी तू मला टेबलापाशी बसवून शिकवणी घेतलीस. पाण्याची भरलेली बाटली ठेवलीस. "हिला मानेला धरून ओढा." मी ओढली, ती आडवी झाली. "आता बुडाशी लोटा." ती सरळ उभ्या उभ्या सरकली. "समजलं? तुम्ही माझा हात ओढता तेव्हा माझी मान ओढता. वरचं अंग निघतं, पाय राहतात." मी म्हटलं, मग बुडाशी लोटू का? तू कंपवातातही मला बाटलीचं झाकण फेकून मारलंस. नेम चुकला, पण उद्देश कळला.

फिजिओच्या बाईंनीही नंतर तेच सांगितलं. अडकलेल्या पेशंटला ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही, घाई करायची नाही. म्हणजे शास्त्र पुन्हा तुझ्याच बाजूने. आयुष्यभर तुला माझ्या हाताची गरज पडली नाही, आणि पडली तेव्हा हात धरायलाच बंदी. तुला सांगितलं नाही कधी, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. घरात मी आहे कशाला, असं वाटलं.

यावर उपाय सापडला तो मात्र फिजिक्समधून नाही. गौरीच्या दिवशी सापडला. आठवतं? शेजारच्या सावंतवहिनींनी लिफ्टपासून त्यांच्या दारापर्यंत गौरीची पावलं काढली होती, पिठाची, वर कुंकवाचं बोट. आपण डॉक्टरांकडून आलो. लिफ्टचं दार उघडलं आणि तू लिफ्टच्या तोंडाशीच थिजलीस. दार बंद व्हायला लागलं, मी हाताने अडवून धरलं. ओढायचं नाही, लोटायचं नाही, मग करायचं काय? तेवढ्यात तू खाली बघितलंस आणि त्या पावलाच्या शेजारी पाऊल टाकलंस. मग पुढच्या पावलाशेजारी. आणि चालायला लागलीस. अशी चाललीस की मी बघतच राहिलो, कित्येक महिन्यांत तुला तसं चालताना पाहिलं नव्हतं. पण पावलं जात होती सावंतांच्या घरात. आपलं दार आलं, गेलं. तू थांबेनास. तुला भीती की थांबले तर पुन्हा अडकेन. तशीच त्यांचा उंबरा ओलांडून, हॉल पार करून थेट मखरापाशी.

सावंतवहिनी हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या. मग त्या मालवणच्या बाईने डोळे मिचकावले आणि गौर आणताना विचारतात तसं विचारलं, "गौर इली. कशाच्या पावलांनी इली?"

तू धापा टाकत म्हणालीस, "घर्षणाच्या."

त्यांना घर्षण कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी तुला कुंकू लावलं, बसवलं, आणि घावन-घाटल्याचं ताट समोर ठेवलं. मी पायातल्या चपला विसरून त्यांच्या दारात उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. तू ते बघितलंस आणि म्हणालीस, "अहो, चपला." तुझं प्रेम असंच असायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी रेषा मारायला लागलो. रांगोळीवरून पाय घसरेल म्हणून खडू. तो खडूही तुझ्याच कपाटातला, शाळेतून निवृत्त होताना मुलींनी भेट दिलेला डबा. मला आयुष्यात सरळ रेघ मारता आली नाही, हे तुला माहीतच आहे. पहिल्या दिवशी तू दारात खुर्ची टाकून बसलीस आणि सूचना दिल्यास. अंतर सारखं ठेवा. पाऊल माझं आहे, तुमचं नाही. ती तिसरी वाकडी झाली, पुसा. नववीच्या पोरांनी तुला कसं सहन केलं असेल याचा मला अंदाज आला.

आणि मग सोसायटी. सेक्रेटरी वर येऊन हळूच मला विचारून गेले, वास्तूचं काही आहे का, कुणी सांगितलं, नंबर देता का. तुझी बोरिवलीची मावशी आली ती रेषांच्या अलीकडेच चपला काढून, वाकून नमस्कार करून, एकेक रेष ओलांडत आली आणि बसल्यावर म्हणाली, कुठलं व्रत घेतलंय गं? वरच्या मजल्यावरच्या एकीला ही करणी वाटली, ती आपल्या मजल्यावर लिफ्टमधून उतरेचना. तू हसून हसून बेजार. पण कुणी विचारलं तर नीट सांगायचीस, न लाजता. "माझं पाऊल सुरू होत नाही. डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं की सुरू होतं. चालवते मला जमीनच, तुम्हालाही तीच चालवते. आपण तिला मागे रेटतो, ती आपल्याला पुढे रेटते. मला फक्त रेटायची आठवण करून द्यावी लागते." मावशी म्हणाली, म्हणजे धरणीमातेचं व्रत. तू म्हणालीस, तसं समजा.

माझं काम ठरलं. सकाळी रेषा मारायच्या, आणि संध्याकाळी तू उंबऱ्यातून निघालीस की लिफ्टपाशी जाऊन उभं राहायचं. जवळ यायचं नाही. तू अडखळलीस की माझा हात आपोआप पुढे यायचा, आणि पॅसेजच्या त्या टोकाकडून वर्गातला आवाज यायचा, "हाताची घडी!" मी घडी घालायचो. या वयात, बर्म्युडा घालून, लिफ्टपाशी, हाताची घडी घालून उभा असलेला माणूस बघून शेजाऱ्यांना काय वाटत असेल? सावंतवहिनी दारातून म्हणायच्या, "भावजींका अंगठे धरून उभा केलंस नाय ता नशीब." तू रेषांकडे बघत, एकेक ओलांडत यायचीस. चेहरा असा की जणू बोर्डाचा पेपर चालू आहे. शेवटची रेष ओलांडून माझ्यापाशी पोचलीस की म्हणायचीस, "बघा. धरावं लागलं का?" आणि दरवेळी मला आनंद व्हायचा आणि त्यात कुठेतरी बोचायचंही. तुला ते कळत होतं का?

मुग्धाने व्हीलचेअर पाठवली, पुण्याहून, चांगली महागातली. भाचीच्या लग्नात कांदिवलीला जाताना आई त्यात बसेल, म्हणजे बाबांची ओढाताण नको. तू तिला फोनवर थँक यू म्हणालीस आणि त्या खुर्चीत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलास. लग्नाच्या हॉलमध्ये आपल्या पायांनी चालत गेलीस. हॉलवाल्याला मी काय सांगून खडूच्या रेषा मारल्या ते माझं मला माहीत. तिथेही मी टोकाला, घडी घालून. फोटोग्राफरला वाटलं मी नवरीमुलीकडचा रुसलेला कोणीतरी आहे. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, की मला हे झेपतं सगळं, फक्त कधीतरी, घरात, कुणी नसताना, चालायचं नसतानाही, हात दे. नाही बोललो. तुझ्यापुढे असलं काही बोलायचं म्हणजे मलाच कसंतरी व्हायचं.

हॉस्पिटलात तुझा हात माझ्या हातात होता. न्यूमोनिया म्हणाले, छाती भरलीय म्हणाले. मी बसून होतो आणि हात धरून होतो, आणि तू झटकला नाहीस. येणारे-जाणारे म्हणाले, बघा, किती शांत. पण सुमन, ते मी धरत नाही. झटकायला अंगात बळ लागतं, ते तुझ्यात उरलं नव्हतं. ती परवानगी नव्हती. मला त्यावर समाधान मानता येत नाही, आणि याच्यावरच माझं अडलं आहे. लोक सांगतात, आठवणी काढा, बरं वाटेल. आठवणी काढतो आणि प्रत्येक आठवणीत मी टोकाला उभा आहे. तू चालतेयस आणि मी काही करत नाहीये.

काल दुपारी सावंतवहिनी आल्या. पेज आणि उकडलेले कणंग, त्यांच्या गावाकडचे कंद, घेऊन. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, त्या कधीच ऐकत नाहीत. मी जेवत होतो तोवर त्या दारातून पॅसेजकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मंगलान पुसल्यान वाटता." मी म्हटलं, हो, त्या रेषांनीच हिला शेवटपर्यंत चालवलं, मी काय, नुसता उभा असायचो.

वहिनी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. "रेषांनी? भावजी, तुमका म्हायत नाय?"

काय माहीत नाही?

"अवो, तुमी बाजारात गेलात की बाई दारात येऊन उभी ऱ्हवायची. रोज. मी म्हणायचंय, अगो, रेषा आसत मां, चल की लिफ्टीपर्यंत, मी हय बघतंय. पाय हलायचो नाय. एकदा मी तुमच्यासारखी थय जाऊन उभी ऱ्हवलंय, घडी घालून. तरी नाय. म्हणाली, वहिनी, राहू दे, त्या नुसत्या खडूच्या आहेत. मगे लिफ्ट वाजायची, तुमी पिशयो घेऊन भायर यायचात, आणि ही सुटायची." त्यांनी पदराने नाक पुसलं. "माका वाटला तुमका म्हायत आसात. येवढा शिकलेला माणूस."

मी पेजेची वाटी बाजूला सारली. लिफ्टमधून बाहेर आलो की तू दारातून चालायला लागलेली दिसायचीस, हे मला रोज दिसत होतं. मला वाटायचं, तू आत्ताच दारात आलीस. पिशव्या खाली ठेवून मी घडी घालायचो, तू यायचीस, पिशवीत डोकावून म्हणायचीस, मेथी जून आणलीत.

वहिनी गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. त्या खरं बोलल्या की माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या, कुणाला विचारू? पण "त्या नुसत्या खडूच्या आहेत" हे वाक्य त्यांचं नाही. ते तुझं आहे. तसं दुसरं कुणी बोलत नाही.

आणि मग आठवलं की बाजारात मला पाठवायचीस तूच. मुग्धाने माझ्या फोनवर भाजी मागवायचं सगळं बसवून दिलं होतं, बटण दाबलं की दारात. तू एकदाही दाबू दिलं नाहीस. "काही नको. पालेभाजी बघून आणायची असते. आणि तासभर बाहेर पडा, चार माणसांत बसा, चहा प्या. नाहीतर माझ्याबरोबर तुम्हीही थिजाल." मी कुरकुर करत जायचो. चहासुद्धा प्यायचो, सावकाश.

एकदा तरी सांगायचंस, सुमन. भाजी घरी मागवली असती.